श्रद्धा-खिडकी

विश्रामगृहाच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. ‘पुलांवरील आत्महत्या प्रतिबंधक विधेयक समितीचे वाघेरी नगरीत सहर्ष स्वागत!’ खाली आमचे आमदार बापूसाहेब ढमणे गॉगल लावून, हात जोडून हसत होते. त्यांच्या भोवती शुभेच्छुकांची लहान लहान मुंडकी, तीही हसरी. ‘सहर्ष’ हा शब्द वाचून मी जागच्या जागी थांबले.

“काय लिवलंय वो, बाई?” जनाबाईनं विचारलं.

“स्वागत आहे.”

“आपलं?”

“नाही. त्यांचं त्यांनीच केलंय.”

जनाबाई कासार आमच्या गावात बांगड्या विकायची. मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, गुरसाळेबाई. स्नेहसंमेलनाला मुलींच्या हातात बांगड्या चढवायला तीच यायची, तेवढीच आमची ओळख. तिचा मुलगा प्रदीप जुन्या पुलावरून गेला, त्यानंतर ओळख वाढली. पुलावर जाळी बसवा, एवढं एकच मागणं घेऊन ती बांगड्यांच्या पेटीसकट तहसीलदारांपासून बापूसाहेबांपर्यंत सगळ्यांच्या दारात जाऊन आली होती. सगळ्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

मग राज्यात कुठं कुठं पुलांवर असेच प्रकार झाले, पेपरांनी रकाने भरले आणि कुणा आमदारानं विधेयक आणलं. यापुढं जो नवा पूल होईल त्याला दोन्ही बाजूंनी उंच जाळी, आणि वस्तीजवळचा पूल असेल तर मदतीचा फोन. साधी गोष्ट. पण साधी गोष्ट सरळ मंजूर करायची आपल्याकडं रीत नाही. ती समितीकडं गेली. ज्यांना मंत्रिपद द्यायचं नसतं त्यांची समजूत घालायला समित्या असतात, म्हणून अध्यक्षपद बापूसाहेबांना मिळालं. जुना पूल पाडायचा होता आणि त्याच्या शेजारी आमचा नवा पूल उभा राहत होता, तेव्हा समितीचा दौरा वाघेरीत आणणं त्यांना सोयीचं होतं. पाहुण्यांना घरचं मटणही खाऊ घालता येणार होतं.

सुनावणी सकाळची ठरली होती. सकाळी समिती पुलावर गेली, डोक्यावर पिवळी टोपडी चढवून फोटो काढले. मग जेवायला बसली. आम्ही व्हरांड्यात. आतून रश्श्याचा वास येत होता आणि मधूनमधून हसण्याचे गडगडाट. जनाबाई पेटी मांडीवर घेऊन बसली होती. त्या दिवशी विकायचं काही नव्हतं, पण पेटीशिवाय तिला हात रिकामे वाटायचे.

“बाई, म्यां बोलायची न्हाई हां. सायेब लोकांपुढं माझी जीभच वळत न्हाई. तुमीच बोला.”

“बोलेन की.”

“जाळी तर हुणारच म्हणत्यात. मग आज काय ऱ्हायलंय?”

“खिडक्या राहिल्यात,” मी म्हटलं.

हे खिडक्यांचं प्रकरण प्रकाश हुंबेनं काढलं होतं. हा हुंबे आमच्याकडच्या नदी उत्सव मंडळाचा अध्यक्ष आणि गावातल्या फ्लेक्सच्या दुकानाचा मालक. बापूसाहेबांचा जो काही चेहरा गावभर दिसायचा तो याच्या दुकानात छापला जाई. जाळीची बातमी आली आणि हुंबेच्या लक्षात आलं की जाळी झाली तर पुलावरून निर्माल्य कसं टाकणार? आमच्याकडं घरोघरचं निर्माल्य, जुने फोटो, फुटक्या मूर्ती सगळं पुलावर आणून नदीत सोडतात. वऱ्हाड पूल ओलांडताना नव्या नवरीच्या हातून नदीला नारळ देतात. गाडी थांबते, मागं हॉर्न वाजत राहतात, नवरी शालू सावरत खाली उतरते आणि नारळ सोडते. नदीचा पार उकिरडा झाला होता, पण श्रद्धेला नदी दिसत नाही, पूल तेवढा दिसतो.

शेवटी साहेब मंडळी ढेकर देत हॉलमध्ये आली. समितीतले दोघं तर खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागले. बापूसाहेब मधोमध. कडक इस्त्री, कपाळाला टिळा, दातात काडी. पूल बांधणारे अभियंता कुलथे यांनी भिंतीवर नकाशा टांगला.

“सर, जनभावनेचा आदर ठेवून आपण जाळीत ठरावीक अंतरावर उघडझाप करता येईल अशी व्यवस्था केली आहे. तिला आम्ही ‘श्रद्धा-खिडकी’ असं नाव दिलंय.”

“वा!” बापूसाहेब म्हणाले. “नाव झकास.”

“कलमात तशी दुरुस्ती सुचवली आहे, सर. आज समितीनं मान्यता दिली की अहवालात जाईल.”

“खिडकी केवढी?” मी विचारलं.

कुलथ्यांनी माझ्याकडं न बघता बापूसाहेबांना उत्तर दिलं. “घरगुती गणपती आरामात जाईल एवढी, सर.”

“आरास पण,” हुंबे मागून म्हणाला. “मखरासकट.”

मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. सगळे माना डोलवत होते. माणसं पडू नयेत म्हणून जाळी, आणि त्या जाळीला माणूस मावेल अशा खिडक्या. त्याही एक दोन नाही, पूलभर. हे शिकल्यासवरल्या माणसांनी नकाशा काढून, रंग भरून, भिंतीवर टांगलं होतं. माझ्या शाळेतल्या पाचवीच्या मुलीनं असं काही काढून आणलं असतं तर मी तिला परत पाठवलं असतं.

जनाबाई उठली. जी बोलणार नव्हती तीच उठली.

“सायेब, गणपती मावतोय तितनं माणूस मावत न्हाई व्हय?”

कुलथे नकाशाकडं असे बघायला लागले की जणू तो दुसऱ्याच कुणी काढला होता.

“खिडकीला कडी असणार ना, मावशी,” हुंबे म्हणाला.

“कडी कोन काढणार?”

“ज्याला निर्माल्य टाकायचंय तो.”

“आन माझं पोरगं आलं असतं तर त्याला कडी काडाया येत न्हवती व्हय रं?”

हुंबे मोबाईल काढून बघायला लागला. तो प्रदीपच्या वर्गात होता, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

बापूसाहेबांनी दातातली काडी काढली. आवाज एकदम मऊ केला. हा आवाज ते मयताला आणि मतदानाला वापरायचे.

“मावशे, तुझं दुःख मला कळतंय. पण जरा इचार कर. ज्याला जायाचंच हाय त्यो थांबतोय का? पूल न्हाई तर इहीर. इहीर न्हाई तर आणिक काय. आपण कुठं कुठं जाळ्या लावायच्या? आयुष्याची दोरी वरच्याच्या हातात. कायद्यानं काय त्याचा हात धरता येतोय? आता इधेयक आलंय, जाळी तर देतोयच की आपण. पण लोकांच्या भावना बी बघाया लागत्यात.”

समितीतल्या एकानं डोळे न उघडता मान हलवली. “अगदी खरं. जाणारा जातोच.”

जाणारा जातोच. हे वाक्य मी गावात इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याची शिसारी आली होती. प्रदीपच्या दहाव्याला ऐकलं, पानपट्टीवर ऐकलं, आमच्या शिक्षक खोलीत चहा पिता पिता ऐकलं. बोलणाऱ्याला फार मोठं ज्ञान सांगितल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे त्याला हात झटकायचे असतात. पण हात झटकले म्हणायला लाज वाटते, म्हणून तो देवाचं नाव घेतो.

जनाबाई खाली बसली होती. तिनं पेटीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. माझ्याकडं बघितलं नाही. इतकी वर्षं तिला खुर्ची आणि पाणी मिळत होतं, आज पोराच्या मरणाचा निकालही मिळाला होता. तो जाणारच होता म्हणे. म्हणजे जाळी असती तरी तिचा पोरगा मेलाच असता आणि ती इतकी वर्षं उगाच उन्हात फिरली.

मला बोलायचं होतं ते मी पाठ करून आले होते. दुसऱ्या राज्यांत काय केलं, निर्माल्यासाठी पुलाच्या दोन्ही टोकांना कुंड ठेवता येतील, वगैरे. शाळेत बोलते तसं स्पष्ट आणि मुद्देसूद. उभी राहिले आणि त्यातलं काहीच बोलले नाही.

“बापूसाहेब, जाणारा जातोच असं नाही.”

“बाई, तुमी शिकल्याली मानसं. पुस्तकात लई काय काय असतंय.”

“पुस्तकातलं सांगत नाही. मी गेले नाही.”

“कुठं?”

“पुलावर गेले होते. पुढं गेले नाही.”

पेंगणारे जागे झाले. लघुलेखकानं लिहिता लिहिता हात थांबवला. हुंबेचं तोंड उघडं राहिलं, आणि मला वाटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत ही गोष्ट भाजी मंडईत पोचणार. माझ्या नवऱ्याला ती तिथं कळणार. माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया उद्या फाटकाशी घोळका करणार. अशा बाईला मुली शिकवायला कसं ठेवलं म्हणून संस्थेच्या अध्यक्षांना फोन जाणार. हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि तरी बोलून झालं होतं. आता माघार घेता येणार नव्हती.

“मी शाळेत नवी लागले होते,” मी म्हटलं. “का गेले ते सांगत बसणार नाही. कारण सांगितलं की ऐकणाऱ्याला ते नेहमी लहानच वाटतं. संध्याकाळी शाळा सुटली आणि घरी न जाता पुलावर गेले.”

“अरेरे,” समितीतले एकजण म्हणाले.

“पुलाच्या कठड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू बांधले होते. उंच, एकाला एक लागून, तारेनं घट्ट आवळलेले. त्यावर फ्लेक्स. मी एक बाजू चालत गेले. कुठं फट नाही. वाहनं चुकवत रस्ता ओलांडला आणि दुसऱ्या बाजूनं परत आले. तिथंही तेच. सगळीकडं एकच माणूस हात जोडून माझ्याकडं बघून हसत होता. गॉगल. गळ्यात सोन्याची साखळी. मागं वाघ. मला एवढा संताप आला त्या माणसाचा! माझा सगळा जीव गोळा करून मी तिथं आले होते आणि याचा वाढदिवस मध्ये आला. पुलाच्या टोकाशी रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथल्या बाकावर बसले. गुऱ्हाळवाल्यानं न विचारता रस दिला. तो प्यायला घेतला तर रडायला यायला लागलं. रडता रडता प्यायले. मग सहा आसनी रिक्षानं घरी आले.”

लघुलेखक पुन्हा लिहायला लागला.

“विहिरीवर गेले नाही, बापूसाहेब. दुसऱ्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही. रविवारी सांगलीला बहिणीकडं गेले आणि तिला सांगितलं. तिनं डॉक्टरांकडं नेलं. औषध घेतलं, बोलले, बरी झाले. तेव्हापासून या गावातल्या निम्म्या मुलींना मी शिकवलंय. तुमच्या दोन्ही लेकी माझ्याच हाताखालून गेल्यात.”

“कोनाचा वाढदिवस हुता?” बापूसाहेबांनी विचारलं. त्यांना अंदाज आला होता, तरी विचारलं.

“तुमचा.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. आधी ते घाबरले. बाई पेपरवाल्यांना काय सांगेल, विरोधक काय करतील, हे सगळं तिथं दिसलं. मग हळूहळू चेहरा उजळायला लागला. गाल फुगले, छाती पुढं आली. ते खुर्चीतून अर्धे उठले.

“म्हंजी बाई, तुमाला म्या वाचिवलं!”

पायातली चप्पल काढून फेकावी असं मला वाटलं. मी शब्द शोधून, बेअब्रू पत्करून, माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट या माणसापुढं ठेवली होती. त्यानं तिच्यातून स्वतःचा फोटो तेवढा उचलला. मला वाचवलं ते बांबूंनी आणि तारेनं. त्या जागी साबणाची जाहिरात असती तरी मी वाचले असते. ते त्याला तोंडावर सांगायची फार इच्छा झाली. मी सांगणारही होते.

पण जनाबाई माझ्याकडं बघत होती. तिचा हात पेटीच्या झाकणावर तसाच होता.

“हो, बापूसाहेब,” मी म्हटलं. “तुम्हीच वाचवलंत. पण तुमच्या फ्लेक्सला एकही खिडकी नव्हती.”

बापूसाहेबांनी क्षणभर विचार केला. मग हात हलवून कुलथ्यांना म्हणाले, “खिडक्या काढा.”

“सर, जनभावना...”

“काढा म्हनतोय न्हवं! बाई सांगत्यात ते ऐकलं न्हाई का? आमच्या जाळीला खिडकी न्हवती म्हनून ही भगिनी आज हितं उभी हाय.” तोपर्यंत तो फ्लेक्स त्यांच्या लेखी जाळी झाला होता. “अरं लिव्हा, लिव्हून घ्या ते. हुंबे, निर्माल्याला दोनी टोकाला कुंड बांधू. तुझ्याच मंडळाचं नाव टाकू त्यावर.”

“चालतंय, बापू,” हुंबे म्हणाला. नाव टाकणार म्हटल्यावर त्याची श्रद्धा लगेच टोकाला सरकली.

आणि तसं ते कलम बिनखिडकीचं अहवालात गेलं. सही करताना बापूसाहेबांनी मला जवळ बोलावून फोटो काढला. मी काढू दिला. सभागृहात विधेयक आलं तेव्हा त्यांनी ‘एका भगिनीचा प्राण’ या विषयावर एवढं लांबलचक भाषण ठोकलं की त्यात वाघही आला आणि आई भवानीही आली. पण विधेयक मंजूर झालं.

गोष्ट गावात पसरायची ती पसरलीच. पण संस्थेच्या अध्यक्षांना कुणी फोन केला नाही. त्याऐवजी एक दोन मुलींच्या आया शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि स्वतःबद्दल बोलल्या. नवऱ्याला मंडईत कळायच्या आत मी त्याच दिवशी घाईनं घरी जाऊन सांगितलं. मग त्यानं विचारलं, “रस कुठल्या गुऱ्हाळातला?” मी सांगितलं. पुढं कित्येक वर्षं तो त्या गुऱ्हाळावरून जाताना थांबायचा, रस प्यायचा आणि सुट्टे परत घ्यायचा नाही.

नवा पूल सुरू झाला, जाळी बसली. बापूसाहेबांच्या पुढच्या वाढदिवसाला हुंबेनं जाळीवर पूलभर फ्लेक्स लावले. ‘जीवनदाते बापूसाहेब.’ गॉगल तोच. वाघाच्या जागी आता नवा पूल होता. मी आणि जनाबाई बाजारातून पायी येत होतो. मी तोंड वाकडं केलं आणि भराभर चालू लागले. जनाबाई मात्र मध्येच थांबली. पेटी खाली ठेवली आणि मान वर करून त्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

“ह्येच थोबाड हुतं व्हय, बाई?”

“हेच.”

“ह्याला बघून माघारी फिरलासा.”

“हो.”

“म्हंजी माझा पदीपबी फिरला असता.”

“फिरला असता,” मी म्हटलं.

ती अजून वरच बघत होती. बापूसाहेब हात जोडून तिच्याकडं बघून हसत होते.

“मग त्याच्या येळंला ह्या मुडद्याचा वाढदिस का न्हवता वो, बाई?”